वहिनींनी देऊ केलेला तह

मीनलचा फोन आला तेव्हा मी कॉम्प्युटरसमोरच बसलो होतो. पुण्याहून तिचा फोन सकाळी कधी येत नाही, तरी मला काही खटकलं नाही, कारण डोक्यात दुसरंच चाललं होतं. पाच दिवस झाले होते, आमच्या कॉम्प्युटरच्या खेळातली वहिनींची चाल आली नव्हती. एवढा उशीर म्हणजे त्या माझ्याविरुद्ध काहीतरी मोठं शिजवतायत, अशी माझी खात्री होत आली होती. मीनल म्हणाली, "काका, आई गेली. पहाटे." मी विचारलं, "कुठं गेली?" ...हा प्रश्न मी खरंच विचारला. त्याला आता सात आठवडे झाले, पण तो आठवला की अजून कान गरम होतात.

शकुंतलावहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी, मीनलची आई. माहेर बिडकीनजवळच्या खेड्यातलं, घरची शेती. लग्न होऊन शहरात, उस्मानपुऱ्यात आल्या आणि शेवटपर्यंत तिथंच राहिल्या. आमच्या घराण्यात त्या संशयी म्हणून प्रसिद्ध होत्या. भाजीवाल्यानं तराजू उचलला की त्या भाजीकडं न बघता त्याच्या करंगळीकडं बघत. कुणी फार गोड बोलायला लागलं की पदर सावरून दाराशी जाऊन उभ्या राहत, म्हणजे बोलणाऱ्यानं निघावं. माहेरच्या विहिरीवर एकदा शहरातली चार माणसं पाणी प्यायला थांबली. वहिनी तेव्हा सणाला तिथं होत्या. त्यांनी भावाला सांगितलं, "हे पाणी प्यायला आल्यालं नायत. पाणी पिणारा माणूस बांध मोजत नाय." पुढं त्या भागात कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या गेल्या. पण त्याच्या कितीतरी आधी वहिनींनी ते त्या चौघांच्या नजरेत पाहिलं होतं.

दादा गेला आणि पाठोपाठ दुष्काळाची वर्षं आली. जायकवाडी धरण तळाला गेलं होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. वार कळायचा, वेळ कळायची नाही. त्या दिवशी घर सोडायची सोय नव्हती. मीनल लग्न होऊन पुण्याला होती, त्यामुळं वहिनी एकट्याच सकाळपासून टाकीच्या तोटीकडं कान लावून बसत. मी राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, हर्सूलकडं. दर रविवारी त्यांच्याकडं जायचो. एका रविवारी बघितलं तर दादाच्या कॉम्प्युटरवरचा कपडासुद्धा दोन वर्षांत निघाला नव्हता. तो काढून मी त्यात माझा आवडता खेळ टाकून दिला. म्हटलं, "वहिनी, वेळ जाईल."

खेळ सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. त्यात तुम्हाला एक उजाड मुलूख मिळतो आणि दोन-चार माणसं. शहर वसवायचं, शेती करायची, विद्या वाढवायची, सैन्य पाळायचं. शेजारी दुसरे राजे असतात, काही कॉम्प्युटरच चालवतो. सगळं घाईघाईनं नाही, एकेक चाल करून. तुमची झाली की पुढच्याची. एक डाव संपायला महिने लागू शकतात. मी नोकरीला होतो त्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर आले तेव्हापासून हा खेळ खेळत होतो आणि स्वतःला त्यातला जाणकार समजत होतो.

वहिनी सुरुवातीला सपाटून हरल्या. सगळ्यात सोप्या पातळीवरसुद्धा. त्यांना एकच शहर हवं असायचं, पण देखणं. बागा, मंदिरं, मोठमोठ्या कमानी. मग कुठला तरी शेजारी राजा यायचा आणि ते देखणं शहर घेऊन जायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या, जणू मीच त्याला पाठवलं होतं. "आदल्या चालीला त्यानं मैत्रीचा कागद केलता, भावजी." मी म्हटलं, "खेळ आहे वहिनी." त्या म्हणाल्या, "व्हय, पण कागद केलता."

त्यानंतर मात्र त्या ज्या रीतीनं सुधारल्या, तसं सुधारताना मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. हरल्यावर मी लगेच नवा डाव मांडायचो. वहिनी मांडत नसत. हरलेल्या डावाची जुनी फाइल उघडायच्या आणि एकेक टप्पा मागं जायच्या. शहर पडलं ती चाल त्यांना नको असायची. "इथं नाय हरले मी. ह्याच्या आधी." आणखी मागं. शेवटी तीस-चाळीस चाली मागं कुठंतरी बोट ठेवायच्या. वेशीवरची तुकडी बागेचा रस्ता बांधायला बोलावली होती, ती ही चाल. मग त्याच जागेपासून पुन्हा खेळून खात्री करून घ्यायच्या. हळूहळू कमानी थांबल्या. आधी दुसरं शहर, मग तिसरं. धान्याचं कोठार झाल्याशिवाय देऊळ नाही. जागा निवडताना नुसती नदी बघून भुलायच्या नाहीत. त्या काळात नळाकडं कान लावून बसलेल्या बाईला नदीचा भरवसा कोण देणार? मागं डोंगर आहे का, शेजारी किती लांब आहे, हे आधी बघायच्या. आणि चाल संपवायचं बटण दाबण्यापूर्वी पडद्यावर बोट टेकवून आपल्या राज्याची सगळी सीमा फिरून यायच्या. रोज तेच. मी कंटाळायचो.

मग आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध खेळायला लागलो, त्याच एका कॉम्प्युटरवर. माझी चाल चालू असली की त्या स्वयंपाकघरात, त्यांची असली की मी बाहेरच्या ओट्यावर. पहिले चार डाव मी जिंकलो. पाचवा त्यांनी जिंकला, सहावाही. सातव्यात मला संशय आला. मी पूर्वेकडून जायचं ठरवलं की पूर्वेला भिंत तयार. मी जहाजं बांधली की त्यांचे किनारे सावध. स्वयंपाकघराच्या दारातून माझा पडदा दिसतो का, हे मी एकदा त्या बाहेर गेल्या असताना तिथं उभं राहून बघितलं. मान थोडी वाकडी केली तर दिसत होता.

मग मी सापळा लावला. माझ्या मुलखाच्या उत्तरेला डोंगर होते आणि त्यापलीकडं वहिनींचं एक लहान शहर. तिथून त्यांच्या कुठल्याही माणसाला माझी बाजू दिसत नव्हती. मी दहा चाली खर्चून त्या डोंगराआड फौज गोळा केली. हल्ला करायचाच नव्हता. त्या उत्तरेचं शहर मजबूत करतात का, एवढंच बघायचं होतं. माझा पडदा पाहिल्याशिवाय त्यांना ते कळणं शक्य नव्हतं.

अकराव्या चालीला त्यांनी उत्तरेला भिंत घातली आणि धनुर्धारी आणून बसवले.

मी उठलो. म्हटलं, "वहिनी, तुम्ही माझा पडदा बघता." त्यांच्या हातात कपबशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. "कोण म्हनलं?" मी सापळ्याची सगळी हकीकत सांगितली, जरा अभिमानानंच. त्या ऐकत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "चहा घ्या, गार व्हतोय," आणि आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. मी चहा न घेताच स्कूटर काढली.

पुढचे चार महिने आमचं बोलणं नव्हतं. मीनलनं एकदा फोनवर विचारलं, "काका, आईचं आणि तुमचं काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही." साठीला आलेली दोन माणसं कॉम्प्युटरच्या खेळावरून अबोला धरून बसली आहेत, हे सांगणार कसं? पावसाळा बरा झाला त्या वर्षी. वहिनींचाच निरोप आला, मोबाइलवर, चार शब्दांचा. "हर्सूलचा तलाव भरला का?" मी लिहिलं, निम्म्याच्या वर. रविवारी गेलो.

त्यांनी कॉम्प्युटर लावूनच ठेवला होता. तोच डाव, तीच चाल. म्हणाल्या, "बसा. मी कसं ओळखलं ते बघा." खेळात एका कोपऱ्यात एक तक्ता असतो. सगळ्यात जास्त लोकसंख्या किती, धान्य किती, सगळ्यात मोठं सैन्य किती, फक्त कुणाचं ते नाव नसतं. सगळ्यांसाठी उघडा असतो. मी इतक्या वर्षांत तो दोनदा उघडला असेल. वहिनी तो प्रत्येक चालीला बघत होत्या. "हा सैन्याचा आकडा सा चालींत दुप्पट झाला. माझा नव्हता, बाकीचे राजे गरीब. म्हंजी तुमचा. तुमच्या दक्षिणेला, पूर्वेला माझी मानसं उभी, तिथं काय नाय. पश्चिमेला समुद्र, तिथं जहाज नाय. मग ऱ्हातंय काय?"

मी उत्तरेच्या डोंगरावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "हल्ला करायचा नव्हता म्हनता?"

"नव्हता."

"मग दहा चाली फौज पोसली ती माझ्यावर पाळत ठेवायला. तवाच हरलात तुम्ही."

रागानं नाही म्हणाल्या. हरलेल्या डावात बोट ठेवायच्या तशा म्हणाल्या. त्या दिवशी मला कळलं की वहिनी सगळ्या जगावर संशय घेत, पण स्वतःच्या चालीवर सगळ्यात जास्त. मी मात्र फक्त त्यांच्यावर घेत होतो, म्हणून पंधरा वर्षं एकाच पातळीवर खेळत राहिलो. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली नाही असं दाखवलं आणि म्हणाल्या, "आता आपापल्या घरून खेळू. म्हंजी तुमच्या जिवाला शांती."

तेव्हापासून आम्ही फाइल मेलनं पाठवायला लागलो. चाल करायची, फाइल पाठवायची. प्रत्येकाच्या बाजूला वेगळा पासवर्ड. अशी बरीच वर्षं गेली. आमचं खरं शहरही वाढत राहिलं. हर्सूलहून उस्मानपुऱ्याला जायचा रस्ता मला दर वर्षी वेगळा वाटायचा, माझे रविवार कमी होत गेले, पण फाइल दिवसाआड यायची. तक्ता बघायला मीही शिकलो. अधूनमधून जिंकायलाही लागलो.

शेवटचा डाव गेल्या दिवाळीनंतर सुरू झाला. उन्हाळ्यात वहिनी म्हणाल्या, "मीनलकडं चाललेय थोडे दिस," आणि पुण्याला गेल्या. तिथून, मीनलच्या लॅपटॉपवरून, त्यांच्या चाली उशिरा येऊ लागल्या. तीन दिवस, चार दिवस. मग एक दिवस त्यांनी तह देऊ केला. लांब मुदतीचा, माझ्या फायद्याचा. वहिनी आणि तह! मी नाकारला. पुढच्या चालीला पुन्हा तोच. पुन्हा नाकारला. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझी खात्रीच झाली की त्यांना वेळ काढायचाय आणि जमिनीवरून हल्ला होणार. मी मिळेल ती तुकडी काढून आमच्या सामायिक सीमेवर नेऊन ठेवली. आणि वर त्यांना मेसेज केला, "एवढा उशीर? एकेक चाल दहादा करून बघता की काय?" उत्तर आलं, "बघते तर. तुम्ही पन बघा."

तो मेसेज त्यांनी दवाखान्यातल्या खाटेवरून पाठवला होता, हाताला सलाइन असताना. मीनलनं हे मला दहाव्या दिवशी सांगितलं. पोटाचं दुखणं होतं, लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. मी विचारलं, "मला का नाही कळवलं?" मीनल म्हणाली, "तिनं शपथ घातली होती. म्हणाली, भावजींना कळलं तर ते मुद्दाम हरतील." ...मी हरलो असतो का? बहुतेक हरलो असतो. वहिनींचा संशय क्वचितच चुकायचा.

मग मीनलनं एक कागद दिला. त्यावर वहिनींचा पासवर्ड होता. "आई म्हणाली, काकांना द्यायचा. म्हणावं, माझ्या बाजूनं एकदा बघून घ्या."

मी तो आठवडाभर वापरला नाही. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. मनात येत होतं, तो तह खरा असला तर? दुखण्यात बाईला शांतपणे डाव संपवायचा असेल, आणि मी तीनदा तिच्या तोंडावर दार लावलं असेल तर? शेवटी उस्मानपुऱ्याच्या घरी जाऊन, त्यांच्याच कॉम्प्युटरवर मी शेवटच्या फाइलमधली त्यांची बाजू उघडली.

आमच्या सामायिक सीमेवर त्यांचा एकही सैनिक नव्हता. एकही नाही. माझी सगळी फौज तिथं रिकाम्या माळाकडं तोंड करून उभी होती. आणि समुद्रात, माझ्या राजधानीसमोरच्या बेटाआड, त्यांची चौदा जहाजं माणसांनी भरून तयार होती. राजधानीत माझी एकच तुकडी उरली होती. तह मी घ्यावा म्हणून त्यांनी दिलाच नव्हता. तो मी घेणार नाही, संशय घेईन आणि फौज सीमेवर नेईन, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. मी नेली.

मी त्यांच्या खुर्चीत बसून त्यांची चाल केली. राहिलेल्याही केल्या, दोन्ही बाजूंनी, प्रामाणिकपणे. चौथ्या चालीत माझी राजधानी पडली. मीनल दारात उभी होती. माझ्या डोळ्यांकडं बघून घाबरली. म्हणाली, "काका, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. तुझी आई जिंकली." आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना.

मीनलनं आता ते घर ठेवायचं ठरवलंय. महिन्यातले दहा-बारा दिवस ती तिथून काम करते. वहिनींचं कॉम्प्युटरचं टेबल खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होतं, बसणाऱ्याची पाठ भिंतीला लागेल असं. तिनं ते उजेडासाठी खिडकीशी नेलं, मीच एका बाजूनं धरलं होतं. परवा गेलो तर टेबल पुन्हा कोपऱ्यात, खुर्चीचं तोंड दाराकडं. मी टेबलाकडं बघतोय हे पाहून तीच म्हणाली, "पाठीमागं दार असलं की मला काम सुचत नाही, काका. कोण येतंय ते दिसलं पायजे."