आरशासारखी लेबर रूम

लेबर रूमची फरशी नुकती कुठे वाळली होती, आणि सविता कळा देत दारात येऊन उभी राहिली. आरोग्य केंद्रात बाळंतपणाला यायचं, तेही त्या दिवशी! लोकांना वेळकाळ कळत नाही.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या केंद्राची त्या सकाळी स्वच्छता पुरस्कारासाठी तपासणी होती. दारात रांगोळी, टेबलावर नवी चादर, भिंतीवर सुरक्षित मातृत्वाचं पोस्टर. नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर तर आम्ही इतका जपला होता की त्याचं प्लॅस्टिकही काढलं नव्हतं. मी तिथला मेडिकल ऑफिसर. तालुक्याच्या साहेबांचे फोनवर फोन.

"डॉक्टर, लेबर रूम कशी आहे?"

"आरशासारखी, सर."

"तशीच राहू द्या."

सविता दुसऱ्या खेपेची, ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली. तपासलं, तर गर्भपिशवीचं तोंड निम्म्याहून जास्त उघडलेलं. दुसरं बाळंतपण भराभर होतं, हे गावातली कुठलीही आजी सांगेल. मलाही माहीत होतं. पण तिच्या अंगात रक्त जरा कमी होतं, आणि जोखमीची केस मोठ्या दवाखान्यात पाठवावी असा नियम आहे. एरवी न आठवणारे नियम अशा वेळी किती पटकन आठवतात!

"हिला पाथर्डीला न्या," मी म्हणालो.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. "सर, वाटेतच होईल."

"अँब्युलन्स आहे ना."

सासू पुढे आली. "सायेब, हितंच करा की. पयलं पोरगं हितंच झालं हुतं."

"आजी, तिथं मोठे डॉक्टर आहेत. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

गाडी गेली. मी फरशीवरचे तिच्या पावलांचे ठसे पुसून घेतले.

तपासणीचे लोक आले. चहा झाला. बुटांवर निळ्या पिशव्या चढवून ते लेबर रूममध्ये शिरले. मी वॉर्मरचं कौतुक सांगत होतो, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. आमचा ड्रायव्हर ओरडत आत आला, "सर, डोकं दिसायलंय! रस्त्यात कुठं थांबू? माघारी आणलं."

नव्या चादरीवर मुलगी झाली. रडली, पण निळसर आणि गार. सिस्टरनी प्लॅस्टिक टराटरा फाडलं. वॉर्मरची वायर नीटनेटकी दिसावी म्हणून आम्ही गुंडाळून, बांधून ठेवलेली. ती सोडायची, लावायची, यंत्र तापायची वाट बघायची. सासूनं वाट बघितली नाही. पोरीला पदराखाली उराशी धरलं. त्या सकाळी आमच्या केंद्रात चालू असलेला तेवढाच एक वॉर्मर.

वार पडली आणि सविताचं रक्त थांबेना. बाळंतपणानंतर गर्भाशय मुठीसारखं आवळून आलं की रक्त आपोआप थांबतं. तिचं सैल पडलं होतं. अंगात आधीच कमी रक्त, म्हणजे सांडायला शिल्लकही कमी. ज्या कारणासाठी तिला बाहेर काढलं, ते कारण आता खरं होऊन माझ्या हातांवर वाहत होतं. सिस्टरनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मी पोट दाबत, चोळत राहिलो. निळ्या पिशव्यांचे बूट भिंतीला चिकटून उभे.

"सायेब, वाचंल ना?" सासूनं विचारलं.

मी सिस्टरना आणखी एक इंजेक्शन भरायला सांगितलं. बऱ्याच वेळानं हाताखाली गर्भाशय घट्ट लागलं. मग सिस्टरना सोबत देऊन तिला पुन्हा पाथर्डीला पाठवलं, या वेळी खरोखरच जोखमीची म्हणून. तिथं रक्त चढवलं. मायलेकी वाचल्या.

पुरस्कार आम्हाला मिळाला. लेबर रूम प्रत्यक्ष वापरात असून कर्मचारी तत्पर आहेत, असा खास शेरा. साहेब फोनवर म्हणाले, "टायमिंग भारी साधलंत, डॉक्टर!"

त्या दिवसापासून आमचा वॉर्मर उघडा असतो, वायर लोंबत. दिसायला वाईट दिसतो. तपासणीत त्याचे गुण कापले तरी चालतील.

सविता घरी आल्यावर सासू पेढे घेऊन आली. "तुमी हुता म्हनून वाचली, सायेब."

मी होतो म्हणूनच ती रस्त्यावर होती, एवढं एक वाक्य मला सांगायचं होतं. सिस्टर शेजारीच उभ्या होत्या.

मी पेढा घेतला. वर म्हणालो, "आमचं कर्तव्यच आहे, आजी."