पाया लेबारच्या स्थळाची चौकशी

नातवंडांनो, तुमच्या आत्याचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न जुळवायचं चाललं होतं, तेव्हा एका स्थळाची चौकशी माझ्यावर आली. मुलगा सिंगापुरातच वाढलेला, चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकेत नोकरीला, आईवडील तिथल्याच पाया लेबार भागात. बहीण पुण्याहून फोनवर म्हणाली, तू तिथेच आहेस, जरा बघ. आपल्याकडे "जरा बघ" म्हणजे त्या घराचे सगळे कोपरे झाडून काढायचे.

मी ओळख काढून त्यांच्याकडे जाऊ लागले. मुलाला काहीही विचारलं की उत्तर आई देई. "फार सरळ मुलगा आहे हो," हे तिने कुणी न विचारता इतक्यांदा ऐकवलं, की मला त्यात काहीतरी वाकडं दिसायला लागलं. मग आमच्या भजनाला येणाऱ्या एका बाईंनी हळूच सांगितलं, की कॉलेजात असताना हा दुकानातून हेडफोन उचलताना सापडला होता आणि कोर्टाने दंड केला होता.

या चौकशीच्या सुमारासच इथला कायदा बदलला होता. गुन्हा किरकोळ असेल आणि पुढे पाच वर्षं वागणूक स्वच्छ राहिली, तर नोंद संपली असं धरायचं. कुणी विचारलं तर "नाही" म्हणायची मुभा. पेपरात वाचताना मला ते पटलं होतं. आता मात्र शंका आली, ही मुभा लग्नाच्या बोलणीतही वापरतात की काय? आणि संपलेली नोंद एकच होती, हे कशावरून?

पुढच्या खेपेला पोहे खाऊन झाल्यावर मी सरळच विचारलं, मुलाचा कधी पोलिसांशी संबंध आला होता का.

"छे हो," आई म्हणाली. "आमच्या घरात पोलिसांचं नावसुद्धा नाही."

मुलाने बशी खाली ठेवली. "आँटी, नोकरीच्या फॉर्मवर मी 'नो' लिहितो. तेवढं चालतं. पण तुम्ही मला नोकरी देत नाही आहात." मग त्याने हेडफोन, कोर्ट, दंड, सगळं सांगितलं. आई उठून स्वयंपाकघरात गेली.

मला आधीच कळलंय हे त्याने ओळखलं असेल, म्हणून हा खरेपणा, असं माझ्या मनात आलं. घरी पोचेपर्यंत तेच घोळत होतं. बहिणीला सांगितलं असतं तर तिने तिथेच नकार कळवला असता. मी फोन तुमच्या आत्यालाच केला. संसार तिला करायचा होता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, त्याने आपणहून सांगितलं का?"

मी जसं झालं तसंच सांगितलं: मी विचारल्यावर, आणि त्याच्या आईने नाही म्हटल्यावर.

"म्हणजे आईसमोर, आईला खोटं पाडून?"

"हो."

"मग त्याला भेटेन मी," ती म्हणाली. "नजर ठेवायची ती सासूबाईंवर."