संथ हाताची मासोळी

“तोंडाला दात करायचे असतात, दातांना तोंड नाही.”

कवळीताईचं हे वाक्य तिच्या खोलीत आलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं होतं. नवी कवळी टोचते म्हणून कुणी कुरकुरत आलं, की ती आधी त्याला स्टुलावर बसवायची, हातात बिस्किट द्यायची आणि तो खाताना त्याच्या जबड्याकडे अशी एकटक बघायची, की माणूस लाजून चावणंच विसरायचा. चाळीस वर्षं ती कवळ्या करत आली होती. तिचं खरं नाव लोक विसरून गेले, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. “अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे,” ती मान वर करून म्हणायची, “आणि उरलेलं अर्धं कुठे जातंय? म्हातारं झालं की येईलच.”

तिच्या थोरल्या भावाला, दादाला, तळ्यावर गळ टाकून बसायचं वेड. गळाला लावायच्या रबरी मासोळ्या तो दुकानातून कधी घेत नसे, घरीच ओतायचा. प्लास्टरच्या दोन फाळक्यांचा साचा त्याने स्वतः केला होता. त्यातून बोटाएवढी, चपट्या शेपटीची मासोळी निघायची. रिळाची मूठ फिरवून ती पाण्यातून ओढली, की शेपूट असं हलायचं, की मोठा मासा फसलाच.

पण गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर दादाचा उजवा हात मंदावला. दुखत नव्हता, थरथरतही नव्हता; नुसता सावकाश झाला. त्या हाताने रीळ फिरवलं, की मासोळी काडीसारखी ताठ येई.

“माझी मासोळी बघून मासे आता थांबतात,” दादा म्हणाला, “दोन मिनिटं उभे राहून श्रद्धांजली वाहतात.”

विनोद केला खरा, पण त्याच दिवशी त्याने काठी जुन्या चादरीत गुंडाळली आणि रविवारी ती कुणाला तरी देऊन टाकायचं ठरवलं. वहिनी साचा पिशवीत घालून तडक कवळीताईकडे आली.

“काठी गेली तर हे दिवसभर घरात बसतील,” ती म्हणाली. “काल मला कांदा कसा चिरायचा ते शिकवत होते. काहीतरी कर बाई!”

कवळीताईने साच्याची फाळकी खिडकीशी धरली, आत बोट फिरवलं. दोष तिला लगेच सापडला. अंग आणि शेपूट जिथे जुळतात ती मान जाड होती. चपळ हाताला ती चालून गेली असती, मंद हाताला ती वाकणार नव्हती. आता, साच्याचं काम सगळं उलटं. मासोळी बारीक करायची तर साचा भरायचा, मासोळी रुंद करायची तर साचा कोरायचा. जबड्यांचे साचे घेताना तिचं आयुष्य या उलट्या जगातच गेलेलं. जबड्यांसाठी आणलेलं पिवळं कडक प्लास्टर तिने चिमूटभर कालवलं, मानेच्या जागी दोन्हीकडे बारीक थर दिला, वाळल्यावर घासला, वर पातळ गोंदाचे हात फिरवले. खिडक्या उघडून, तोंडाला फडकं बांधून तिने पातळ प्लास्टिक तापवलं. दुधासारखं पांढरं ते आधी खळीसारखं दाटलं, मग मधासारखं नितळ झालं. त्यात हिरवा रंग, बोटभर चमकी, आणि ओतलं साच्यात.

मासोळी निघाली ती देखणी. टबात ओढून पाहिली तर शेपूट झकास हललं. कवळीताई खूश होऊन ती दादाकडे घेऊन गेली.

दादाने ती त्याच्या टबात एकदा ओढली. दोनदा ओढली. काडी ती काडीच.

“राहू दे गं चिंगे,” तो म्हणाला. त्याने या वेळी विनोद केला नाही, तेच तिला फार लागलं.

दादा बाहेरच्या खोलीत गेल्यावर वहिनी दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काय हो कवळीताई, टबात ओढून पाहिली ती कुणाच्या हाताने?”

“माझ्याच की.”

“मग तोंड एकाचं आणि दात दुसऱ्याचे झाले ना!”

कवळीताईच्या कानशिलांवर लाली चढली. चाळीस वर्षांत तिचं वाक्य तिलाच कुणी ऐकवलं नव्हतं. ती जाऊन दादासमोर चहाला बसली आणि त्याचा हात बघत राहिली. कपात चमचा एक फेरा घ्यायचा, काठावर जरा टेकायचा, मग दुसरा फेरा.

“चहात काही पडलंय का?” दादाने विचारलं.

“नाही. ढवळ तू, अजून ढवळ.”

घरी येऊन तिने साच्यात मानेला आणखी एक थर भरला आणि शेपटाची जागा दोन्ही कडांनी कोरून रुंद केली. पण तपासायची कशी? आपला हात संथ ठेवू म्हटलं तरी तो घाई करायचाच, सवयच तशी. आणि दादाला आता टबाजवळ बोलावण्यात अर्थ नव्हता.

शनिवारी वहिनीने जुना स्वेटर उसवायला काढला. दादाला बाहेरच्या खोलीत बसवून लोकरीचं टोक हातात दिलं. “उजव्या हाताने गुंडाळा. डॉक्टरांनी सांगितलंय.”

लोकर बोळातून न्हाणीघरात आली होती. तिथे तिला नव्याने ओतलेली मासोळी बांधून कवळीताई टबाशी गुडघे टेकून बसली होती. मासोळी टबाच्या टोकाला पोचली की गाठ सोडायची आणि लोकरीवर मागे पुन्हा बांधायची.

“थांब रे, अडकलंय!” ती दर दोन मिनिटांनी ओरडायची.

“स्वेटर उसवताय की जाळं?” बाहेरून दादा.

पहिल्या ओढीला शेपूट हललं नाही. तिने कात्रीच्या टोकाने मान केसभर तासली, तेवढंच मग साच्यात भरायचं मनाशी धरलं. पुन्हा बांधली. “हं, ओढ!”

शेपूट एकदा डावीकडे गेलं. थांबलं. मग उजवीकडे. जणू मासोळीला कसलीच घाई नव्हती.

“अगं, ही लोकर ओली कशी?” दादा गुंडा घेऊन न्हाणीघराच्या दाराशी आला. त्याने टबात पाहिलं, बहिणीच्या भिजलेल्या बाह्यांकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस? गुंडाळ!”

त्याने एक फेरा घेतला. शेपूट हललं. आणखी एक घेतला. दादा एवढ्या मोठ्याने हसला, की वहिनी चमचा घेऊन धावत आली.

“चोरट्यांनो,” डोळे पुसत तो म्हणाला, “आणि मी तासभर स्वेटर गुंडाळतोय!”

रविवारी सकाळी काठी चादरीतून निघाली, पण कुणाला देऊन टाकायला नाही. तळ्यावर दादाने गळ टाकला, मूठ फिरवायला लागला. एक फेरा, जरा दम, दुसरा फेरा. तिसऱ्या वेळी दोरी ताठ झाली. मासा वीतभरच होता. दादाने तो तळहातावर धरला, पाण्यात सोडला आणि लगेच पुन्हा गळ टाकला.

“बस ना जरा,” तो बहिणीला म्हणाला.

“एका आजोबांना दुपारी दात द्यायचेत. ते कालपासून पेजेवर आहेत.” साच्याची पिशवी काखोटीला मारून ती बांधावरून चालायला लागली, ओल्या गवतात चपला वाजवत, झपझप.

“अहो, पुढे बघा, मासा पुढे आहे!” वहिनी म्हणाली.

दादा मागेच बघत होता. बहीण वळणापलीकडे जाईपर्यंत तो बघत राहिला, आणि तोवर त्याचा उजवा हात आपला आपण फिरत होता, सावकाश.