नजराण्याचा रुपया

म्हातारी एकोणिसाव्या शतकात जन्मलेली, कोकणच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा नबाबाची मुलगी. संस्थान गेलं, दागिने विकून संपले, आणि नातवाला तेलकंपनीत नोकरी लागली म्हणून ती आखातात, दोह्यात आली. नातू दुखानला कंपनीच्या वसाहतीत राही. तिला त्याने आमच्या शेजारची खोली घेऊन दिली होती. आम्ही रत्नागिरीकडचे चौघे कारकून एका खोलीत राहत होतो.

मला तिचा राग होता, ते आधीच सांगून टाकतो. माझ्या आजोबांनी तिच्या वडिलांच्या बागेत नारळ सोलण्यात जन्म काढला आणि हवेलीची पायरी त्यांना कधी चढू दिली नाही. आता हीच राजकन्या आमच्याबरोबर पाण्याच्या टाकीपाशी बादली घेऊन उभी राहायची, आणि तरी मला "अरे" म्हणून हाक मारायची.

म्हणून मी तो खेळ काढला. जुम्म्याच्या नमाजानंतर आम्ही चौघे तिच्या दारात जायचो. ती पत्र्याच्या ट्रंकेवर ताठ बसलेली असायची. मी रुमालावर एक रुपया ठेवायचो, तेव्हा तिथे आपलाच रुपया चालायचा, आणि कमरेत वाकून तो पुढे करायचो. "सरकार, नजराणा." दरबाराची रीत अशी की धन्याने नजराण्याला नुसता हात लावायचा आणि तो परत करायचा. ती बोट टेकवायची, "कबूल" म्हणायची, रुपया माझ्याकडे सरकवायची आणि वर एक लवंग द्यायची. गल्लीत पोचेपर्यंत आम्ही हसू दाबून धरायचो. आमची थट्टा तिला कळत नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. वर्षभर हे चाललं.

मग नातू यायचा बंद झाला. नोकरी सुटली असं कुणी म्हणे, कुणी म्हणे बाई ठेवली. पैसे येईनासे झाले. चार दिवस तिचा स्टोव्ह पेटला नव्हता. मला ते ठाऊक होतं, कारण मधल्या भिंतीतून त्याचा आवाज रोज ऐकू यायचा. तरी शुक्रवारी मी रुमाल काढला.

त्या दिवशी तिने रुपयाला बोट लावलं आणि मूठ मिटली. लवंग दिली नाही. "कबूल," म्हणाली आणि हात ओढणीखाली नेला.

मी निघून जायला हवं होतं. एका रुपयाने माझं काही अडणार नव्हतं. पण मागे तिघे उभे होते, आणि मला आजोबा आठवले, निदान नंतर मी स्वतःची तशी समजूत घातली. मी म्हणालो, "सरकार, माजा रुपया ऱ्हायला."

ती ट्रंकेवरून उतरली.

"तू बस," ती म्हणाली.

मी गंमत म्हणून ट्रंकेवर बसलो. तिने ओढणीचं टोक दोन्ही तळव्यांवर पसरलं, त्यावर रुपया ठेवला आणि कमरेत वाकून माझ्यापुढे धरला. इतकं नीट वाकणं आम्हाला वर्षभरात जमलं नव्हतं.

"सरकार, नजराणा."

मागे कुणीच हसलं नाही. रीत मला ठाऊक होती. नुसता हात लावायचा, कबूल म्हणायचं. तिची नजर रुपयावरून हलत नव्हती.

मी रुपया उचलला, खिशात घातला आणि जेवायला गेलो.