बेचाळीस पोहणारे

छत्तीस वर्षं मी कचेरीत बसून लोकांचे अर्ज परत पाठवले. सही चुकीच्या जागी, समास अपुरा, तारीख नाही, किंवा तारीख आहे पण खाडाखोड केलेली. मी मनावर घेतलं की कुणाचाही अर्ज परत जायचा. त्यामुळे अर्ज कसा लिहावा हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही, अशी निवृत्तीनंतर माझी पक्की समजूत होती. या समजुतीच्या तावडीत पहिली सापडली ती माझी भाची.

तिला घरात सगळे ठिणगी म्हणतात. तिचे वडील, म्हणजे माझे मेव्हणे, पंपांच्या जळालेल्या मोटरी उघडून नव्याने तार गुंडाळून देतात. चार माणसं आली तर पाचव्याला बाहेर उभं राहावं लागेल एवढं दुकान, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं आणि गुंडाळलेल्या तारेवर चढवायच्या वार्निशचा कायम वास. चौदाव्या वर्षी ठिणगी तिथे मदतीला बसली आणि पहिल्याच आठवड्यात चालू वायरला हात लावून स्टुलावरून पडली. नाव तेव्हापासूनचं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच स्टुलावर होती, आणि पुढची सात वर्षं तिथेच.

यंदा तिचं इलेक्ट्रिकलचं शेवटचं वर्ष. मेव्हण्यांची नजर इतकी अधू झाली होती की बारीक तार त्यांना बोटांनी चाचपावी लागे. दुकान फार तर वर्षभर चालेल, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. अशात शहराचे पाण्याचे पंप सांभाळणारी कंपनी कॉलेजात मुलं निवडायला येणार असं कळलं. कधी काही न मागणाऱ्या पोरीने हट्ट धरला, "मला हीच नोकरी हवी. बाकीचे नुसतं खुर्चीत बसवतात."

कॉलेजात नोकऱ्यांचं खातं सांभाळणारे एक सर होते. त्यांच्याकडे बायोडेटाचा एक नमुना होता. फार वर्षांपूर्वी कुणा विद्यार्थ्याला त्यावर चांगली नोकरी लागली होती, म्हणून सरांना त्या फाइलचा गुण मोठा वाटे. नाव बदला, फोटो बदला, बाकी कशाला हात लावू नका, असा त्यांचा हुकूम. तो मूळचा विद्यार्थी पोहत असावा. म्हणून वर्गातल्या बेचाळीसही मुलांचा छंद पोहणे. बेचाळीसही जणांनी गटाचं यशस्वी नेतृत्व केलेलं. सगळेच नेते झाल्यावर गटात कोण उरलं हे विचारायची सोय नव्हती. फोटोवाल्याने संगणकावर ठिणगीला काळा कोट घातला. तोच कोट तिच्या दोन मैत्रिणींनाही बसला.

त्यावर मी हात फिरवला. "काम केले" हे मला फारच उघडंवाघडं वाटलं, म्हणून "कार्यभार यशस्वीरीत्या हाताळला" असं केलं. वडिलांच्या व्यवसायापुढे "उद्योजक" लिहिलं. दुकानाचा उल्लेख काढून टाकला. वार्निशचा वास कागदाला कशाला? उमेदवाराबद्दल विचारता येईल अशा माहितगार प्रतिष्ठित व्यक्ती म्हणून दोन नावं लागतात, तिथे सर आणि मी.

मेव्हण्यांनी तो कागद डोळ्यांपासून चार बोटांवर धरून वाचला. "उद्योजक कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. असंच लिहितात," मी म्हणालो.

"आणि दुकान कुठंय यात?"

"दुकान लिहिलं तर छाप पडत नाही, भाऊजी."

"बरं. तुम्हाला कळतं त्यातलं, दादा." त्यांनी कागदाची नीट घडी घालून तो परत दिला आणि ते मोटर पुसायला लागले. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी समास मोजत होतो.

मुलाखत घ्यायला कंपनीच्या एक वयस्कर इंजिनियर बाई आल्या होत्या. ठिणगीचा नंबर एकोणतिसावा. घरी येऊन तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं.

बाईंनी विचारलं, "तुला पोहता येतं?"

"नाही."

"मग लिहिलंस का?"

"सरांच्या फाइलमध्ये होतं. मामा म्हणाले, रकाना रिकामा सोडू नये."

"यातलं खरं काय काय आहे?"

ठिणगीने कागद वाचून पाहिला. "नाव, जन्मतारीख आणि मार्क," ती म्हणाली. "कोटसुद्धा माझा नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या नखांकडे पाहिलं. वार्निश नखातून आठवडाभर निघत नाही. मग मोटर जळायला आली हे कसं ओळखतेस, इथपासून सुरू झालं ते अर्धा तास चाललं. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत स्वतः लिहिलेला बायोडेटा आणून दे. मग बघते."

संध्याकाळी तिने तो लिहिला आणि तपासायला माझ्यापुढे ठेवला. जेमतेम अकरा ओळी. छंदाचा रकानाच नाही. अनुभव: सात वर्षं, वडिलांचं मोटर दुरुस्तीचं दुकान. माहितगार व्यक्ती एकच, वडील, आणि दुकानाचा फोन. माझं नाव गेलेलं.

"माहितगार म्हणून कुणी बापाचं नाव देतं का?" मी चिडून म्हणालो.

"मामा, माझं काम दुसऱ्या कुणी पाहिलंय?"

माझ्या हातात लाल पेन होतं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच मला खोट काढता आली नाही.

दोन दिवसांनी फोन वाजला तेव्हा मी दुकानातच होतो. मेव्हण्यांनी हात पुसून तो घेतला, आणि बाईंचा आवाज मला सगळा ऐकू येत होता. मुलगी कामाला कशी आहे, एवढंच त्यांना हवं होतं. मी खुणेने सांगत होतो, उत्तम म्हणा, उत्कृष्ट म्हणा.

मेव्हणे विचार करून म्हणाले, "तार अजून जरा सैल गुंडाळते."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"मग तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं.

"सगळी उलगडायला लावतो."

"आणि ती?"

"उलगडते. पुन्हा गुंडाळते. तोंड वाकडं करत नाही."

फोन बंद झाला. मी त्यांना नको नको ते बोललो. तुमच्या खरेपणापायी पोरीचं वाटोळं केलंत, इथपर्यंत बोललो. ते मान खाली घालून तार चाचपत राहिले.

पुढच्या आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं. मेव्हण्यांना बारीक अक्षर दिसेना, म्हणून मी मोठ्याने वाचलं. पद, पगार, हजर व्हायची तारीख, आणि खाली एक ओळ: पूर्वानुभव, सात वर्षं, ग्राह्य.

"म्हणजे आपलं दुकान का?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच."

"कुठंय ते, दाखवा."

मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.