परबकाकांची पिवळी खूण

परबकाका गाडीची चावी कधीच सरळ हातात देत नसत. काम झालं की काढलेले जुने भाग वर्तमानपत्रात गुंडाळून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवायचे आणि चावी खिशात टाकून समोर उभे राहायचे. "उघडा. बघा. मग चावी." गिऱ्हाईक घाईत असलं आणि "अहो काका, तुमच्यावर विश्वास आहे ना," म्हणालं, की काका म्हणत, "विश्वास घरात ठेवा. पुडको उघडा."

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा एक गाळा होता. एकटेच काम करायचे. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा या पुडक्याचाच मला संशय आला. माझी नोकरी विम्याच्या दाव्यांची. लोक काय लपवतायत ते शोधायचा मला पगार मिळतो, आणि ही खोड ऑफिसातून घरी येताना दारात काढून ठेवता येत नाही. एवढा प्रामाणिकपणा दाखवणारा माणूस नक्की काहीतरी झाकतोय, असं मी पहिल्या पाच मिनिटांत ठरवून टाकलं.

जाण्याचं कारण मात्र गंभीर होतं. माझी बायको सुजाता दिंडोशी कोर्टात वकिली करते आणि रोज स्वतः गाडी चालवत जाते. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं होतं. एके दिवशी फ्लायओव्हर उतरताना तिची गाडी पुढच्या टँकरच्या मागे जेमतेम वीतभर अंतरावर थांबली. घरी आली आणि तिने चावी माझ्यापुढे टाकली. "ब्रेकचं काय ते आत्ताच्या आत्ता बघ," एवढंच म्हणाली. हायवेवरच्या एका चकचकीत सर्व्हिस सेंटरने गाडी पाहिली आणि चारही चाकांच्या डिस्क आणि पॅड बदला असा कागद हातात दिला. मला तिथेही संशय आला, म्हणून मी काकांकडे.

बायको रोज गाडीने कोर्टात जाते, यापुढे काकांनी माझं काही ऐकून घेतलं नाही. स्वतः एक चक्कर मारून आले, चाक काढलं, डिस्कची जाडी मापली. "पुढच्या दोन डिस्क गेल्या. पुढचे पॅड गेले. बस."

मी तो कागद काढला. "पण ते चारही डिस्क बदला म्हणतात."

काका कागदाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "साहेब, मागे तुमच्या गाडीक डिस्कच नाय. ड्रम असत."

हात्तिच्या! इतकी वर्षं गाडी वापरतोय, जगावर संशय घेतोय, आणि स्वतःच्या गाडीच्या मागच्या चाकात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. दुसरा कोणी असता तर तिथेच काकांच्या पाया पडला असता. मी मनात म्हटलं, दोन डिस्क सोडल्या म्हणजे उरलेल्या दोनमध्ये हा मोठा हात मारणार.

मोबाइलवर वाचून मी फोटोंसकट यादीच करून नेली होती. भोकं पाडलेल्या डिस्क, शर्यतीच्या गाड्यांचे पॅड, असं बरंच. काकांनी फोटो बघितला. "वैनी कोर्टात जातत की रेसीक? ह्या भोकांतून पोहे चाळूचे हत काय?" मग जरा समजावून सांगितलं, "कडक पॅड घातलात तर तो डिस्क खातलो. एकदम मऊ घातलात तर लवकरच परत माझ्या दारात. रोजच्या गाडीक रोजचो पॅड. फक्त खरो पाहिजे."

खरो पाहिजे, यावर त्यांचा सगळा जीव. जोगेश्वरीच्या दुकानात मी सोबत गेलो. काकांनी पहिला खोका उघडला, पॅड तळहातावर तोलला, कडेला नख घासलं, चक्क वास घेतला, आणि परत केला. दुसराही परत केला. "खोको खरो, माल खोटो," माझ्या कानाशी पुटपुटले. दुकानदार वैतागला. "काका, तुम्ही आलात की माझी वाट लागते यार! त्याच्यावर होलोग्राम आहे ना?"

"होलोग्रामपण डुप्लिकेट मिळता," काका म्हणाले. "तिसरो काढ."

तिसरा पसंत पडला. डिस्कही त्यांनी अशाच उलटसुलट करून घेतल्या. ते मालावर संशय घेत होते आणि मी त्यांच्यावर.

गाडी गाळ्यात सोडायच्या आधी, सकाळीच, मी सुजाताचं नेलपॉलिश घेऊन पार्किंगमध्ये उतरलो. चाकाच्या फटीतून हात घालून दोन्ही जुन्या डिस्कच्या मधल्या उंचवट्यावर एकेक टिपका लावला. संध्याकाळी पुडक्यात याच डिस्क मिळाल्या तर काम खरं. दुसऱ्याच कुणाच्या डिस्क मिळाल्या तर चोर सापडला.

"अरे, त्या म्हाताऱ्या माणसाला कळलं तर काय वाटेल?" सुजाता म्हणाली.

"कळणारच नाही गं."

संध्याकाळी पुडकं उघडलं. डिस्क होत्या, स्वच्छ, कोरड्या. टिपका एकीवरही नव्हता. माझं डोकं सणकलं. खरं सांगतो, सणकण्यात थोडा आनंदही होता. सापडला!

"काका, या माझ्या गाडीच्या डिस्क नाहीत."

"म्हणजे?"

"मी खूण केली होती. नेलपॉलिशची. कुठाय ती?"

काका आत गेले आणि एक फडकं घेऊन आले. फडक्यावर थिनरचा वास होता आणि दोन लालभडक फराटे. सुजाताच्या नखांचा रंग मला ओळखायला वेळ लागला नाही. गिऱ्हाइकाच्या सीटला डाग पडू नयेत म्हणून काका प्रत्येक जुना भाग थिनरने पुसून मगच गुंडाळत असत.

"खूण केलात ता बरा केलात," ते शांतपणे म्हणाले. "पण माका सांगूचा होता ना. तेवढी जागा पुसली नसती."

मला त्या क्षणी जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. मी काहीतरी "सॉरी काका" वगैरे पुटपुटलो. त्यांनी ते ऐकलं की नाही, माहीत नाही. जॅक लावून त्यांनी दोन्ही चाकं परत काढली, पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश माझ्या हातात दिला. "खूण घाला. नव्या डिस्कवर. तुमच्या हातान. मी असलंय नसलंय तरी तुमका कळाक व्हया." मी मधल्या उंचवट्यावर एकेक टिपका लावला, दोन्ही वाकडेच पडले. रंग वाळेपर्यंत आम्ही दोघं बाकड्यावर बसलो. त्यांनी चहा मागवला, माझ्यासाठीसुद्धा.

त्यानंतर चार वर्षं गाडी त्यांच्याकडेच गेली. पुडकं उघडायला मात्र ते दर वेळी लावायचेच, आणि मी निमूटपणे उघडायचो. मग एकदा गेलो तर शटर बंद. चहावाल्याने सांगितलं, काका गेले. झोपेतच.

पुढे ब्रेक कुरकुरायला लागले तेव्हा मी नवं गॅरेज शोधलं. डिस्क आणि पॅड, दोन्ही नवे टाकले म्हणाले. बिल दिलं, चावी सरळ हातात दिली. जुने भाग मागितले तर मॅनेजर हसला. "ते काय करायचेत सर? भंगारात गेले." मला बरं वाटलं नाही, पण म्हटलं, पुरे आता. एका भल्या माणसावर घेतलेला संशय मला जन्मभर पुरेल. सुजाता चार दिवस ती गाडी घेऊन दिंडोशीला गेली आणि आली.

पाचव्या सकाळी गाडी जरा पुढे घेताना कुरकुर मीच ऐकली. पार्किंगमध्ये वाकलो, टॉर्च लावला, चाकाच्या फटीतून आत बघितलं. गंज चढला होता, धूळ बसली होती, पण डिस्कच्या मधल्या उंचवट्यावर माझ्याच हातचा वाकडा पिवळा टिपका जसाच्या तसा होता. दुसऱ्या चाकातही होता. मी तिथेच फरशीवर बसलो आणि मला रडू आलं.

सुजाता बॅग खांद्याला लावून, चावी फिरवत खाली आली. "अरे, काय झालं? उठ ना, मला उशीर होतोय."

"रिक्षाने जा," मी म्हटलं. "परबकाका नको म्हणतायत."