दशक्रिया घाटाखालचा कटला

आमच्याकडे तेरावा झाला की मामाने भाच्याला पहिला तिखट घास भरवायचा असतो. तोवर घरात मटण-मासा शिजत नाही. वडील गेले तेव्हा माझ्या मामांना या घासाची फार घाई झाली होती. दुःख लवकर आटपलेले त्यांना आवडते. दशक्रियेला घोड नदीच्या घाटावर पिंड मांडले, तेव्हा कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले; एकही खाली उतरेना. आई हात जोडून उभी होती. मामांनी घड्याळ पाहिले, उन्हाला नावे ठेवली आणि गुरुजींना दर्भाचा कावळा करायला लावला. दर्भ टेकवला, पिंड घाटाखालच्या डोहात सोडले आणि मंडळी आपापल्या गाड्यांकडे वळली.

त्या दिवसापासून आई नीट जेवत नव्हती. ताटावर बसायची, भाकरी मोडायची, उठायची. "त्यांनी काय घेतलंच न्हाई," एवढेच म्हणायची. मी शिकलेला माणूस. कावळ्याचा आणि तृप्तीचा काही संबंध नसतो, हे मला सांगता आले असते. आईपुढे ते वाक्य तोंडातून निघेना.

तेराव्यानंतरच्या रविवारी दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्टला असतात. त्यांनी मोबाईलवरून मागवलेली रीळवाली काठी आणली होती. "आप्पांना मासा आवडायचा," ते म्हणाले. "तर घास माशाचाच द्यायचा. आन् तोही आपल्या नदीचा."

वडील जन्मभर बांबूची काठी आणि तंगुसाची दोरी घेऊन नदीवर बसले. तळहाताएवढ्या चिलापी घेऊन यायचे, तेव्हा हेच दाजी हसायचे, "आप्पा, मांजराला तरी पुरंल का?" आता तेच आप्पांच्या आवडीचा हवाला देत होते. मेलेल्या माणसाची आवड जपणे सोपे असते. तो बोलत नाही.

मामा, दाजी, माझा चुलतभाऊ आणि मी, असे चौघे निघालो. मला नेले ते माझे मन रमावे म्हणून. मी पुस्तक घेतलेले पाहून मामा म्हणाले, "त्यात तोंड घालून बाप माघारी येतोय व्हय?" मासे मारून येतो की काय, हे मी विचारले नाही.

दाजींनी कुठल्याशा व्हिडिओत पाहून गळाला लावायच्या कणकेत व्हॅनिला इसेन्स घातला होता. नदीला केकचा वास सुटला. दुपारपर्यंत गळाला जलपर्णीशिवाय काही लागले नाही. ऊन वाढले तशी मंडळी सावली धरत सरकली, ती थेट घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसली. कणीक संपली. दाजींनी डब्यातला भात घेतला, तळहातावर वळला आणि छान गोल गोळा केला.

"दाजी, हा घाट आहे," मी म्हणालो.

"मग? पाणी सगळीकडं एकच हाय, पावणं. तुम्ही वाचा तुमचं."

गोळा डोहात पडला न पडला तोच काठी कमान झाली. दाजी ओढले जाऊ लागले, मामांनी त्यांची कंबर धरली, चुलतभावाने मामांची. पुष्कळ वेळ तो तमाशा चालला. शेवटी कटला मासा काठावर आला. त्याच्या तोंडात मामांची मूठ सहज गेली असती. खताच्या गोणीत घातला तर अर्धा बाहेरच राहिला.

मग फोटो. "मी कंबर धरली म्हणून आला, न्हाईतर जावई गेलं व्हतं वाहून," मामा म्हणाले. चुलतभावाच्या मते जागा त्याने निवडली होती. दाजींनी स्टेटस ठेवले: एका बाजूला वडिलांचा हार घातलेला फोटो, दुसऱ्या बाजूला कटला धरून हसणारे स्वतः, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. वडिलांच्या आजारपणात या तिघांपैकी कोणी इतका वेळ एका जागी बसले नव्हते.

घरी मासा अंगणात ठेवला. आई बाहेर आली, बघत उभी राहिली.

"कुठं घावला?"

"घाटाखालच्या डोहात, आत्याबाई," दाजी म्हणाले. "एवढा मासा आख्ख्या घोड नदीत न्हाई."

"कशावर धरला?"

"भातावर. नुसता गोळा टाकला, आन् आला बघा."

आई सावकाश खाली बसली. माशाच्या अंगावरून हात फिरवत म्हणाली, "येनारच. ह्यो गोळ्याला वळखतो. समद्या गावाचे पिंड खाऊन वाढलाय. ह्यांचाबी खाल्ला आसंल."

मामांनी मासा धरलेला हात धोतराला पुसला. मग श्रेय परत करायची घाई सुरू झाली. मामांनी फक्त कंबर धरली होती. जागा दाजींनीच निवडली होती. दाजी म्हणाले, काठीच नवी, ती आपोआप ओढते.

"ताई, पुरून टाकू," मामा म्हणाले.

"इळी आना," आई म्हणाली.

तिने स्वतः मासा चिरला आणि वडिलांना आवडायचे तसे चिंच घालून कालवण केले. मामांनी घास केला, पण हात माझ्या तोंडापर्यंत येईना. "मला सकाळधरनं पित्त हाय," ते म्हणाले, जणू खायचे त्यांनाच होते. मग तिघांना यवतच्या बाजूला काही काम निघाले. तिथे ढाबे पुष्कळ आहेत. दाजींचे स्टेटस तोवर उडाले होते.

मामांच्या ताटातला घास आईने उचलला आणि मला भरवला. नंतर आपले ताट ओढून घेतले.

"कावळ्यानं न्हाई तर ह्यानं घेतला," ती म्हणाली, आणि दुसरी भाकरी मागितली.